बारच्या पाटीवर परमिट रूम का लिहितात? उत्तर बाळासाहेब खेरांच्या आयुष्यात आहे

पुण्याहून हायवेनं कोल्हापूरला येताना पंचगंगेचा पूल यायच्या आधी पुलाची शिरोली लागते. एका बाजूला एमआयडीसीतल्या फाउंड्र्या, दुसऱ्या बाजूला ढाबे आणि लॉजिंग. शनिवारी रात्री इथून गाडी मारत गेलात तर एक पाटी हमखास दिसेल. परमिट रूम व बिअर बार. ही पाटी आपण लहानपणापासून वाचत आलोय. पण परमिट कुणाचं, कशाचं, हे विचारायला कुणी आत गेलेलं नाही. आत गेलेल्यांनी तर अजिबातच विचारलेलं नाही.

त्याच रात्री कोल्हापूर स्टेशनात महालक्ष्मी एक्स्प्रेस लागलेली असते. वीकेंडला मुंबईला निघालेल्या एखाद्या ग्रुपमध्ये कोल्ड्रिंकच्या बाटलीत भलतंच काहीतरी मिसळलेलं असतं. हे करणाऱ्यांना वाटतं की पकडलं तर फार फार तर दंड होईल. प्रत्यक्षात १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १४५ सांगतं की डब्यात किंवा रेल्वेच्या हद्दीत कुठंही नशेत सापडलात तर गाडीतून उतरवता येतं, तिकीट किंवा पास जप्त होतो, आणि शिक्षा म्हणून ६ महिन्यांपर्यंत कैद आणि ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे नवीन नाही. इंग्रजांच्या १८९० च्या रेल्वे कायद्यातही नशेतल्या प्रवाशासाठी वेगळं कलम होतं.

पण महाराष्ट्रात फलाटावर उभं असताना आणखी एक कायदा तुमच्या डोक्यावर असतो. रस्ता, स्टेशन, बसस्टँड, म्हणजे जिथं लोकांना येता-जाता येतं अशा कुठल्याही ठिकाणी दारूच्या नशेत सापडणं हा या कायद्यात गुन्हा आहे. एवढंच नाही, तर परवान्याशिवाय दारू विकत घेणं, जवळ ठेवणं आणि पिणंही गुन्हा आहे. बारवरच्या पाटीतलं परमिट ते हेच. या कायद्याचं आजचं नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा. हो, दारूबंदी. ज्या राज्यात चौकाचौकात वाइन शॉप आहे, त्या राज्याच्या दारूच्या कायद्याचं नाव दारूबंदी कायदा आहे.

हा कायदा १९४९ सालचा. आता कुणालाही विचारा, दारूबंदी कुणी आणली? उत्तर येणार मोरारजी देसाई. मोरारजी तेव्हा गृहमंत्री होते आणि बंदीची अंमलबजावणी त्यांच्या पोलिसांनी केली, त्यामुळं नाव आणि शिव्या दोन्ही त्यांच्या वाट्याला आल्या. पण सरकार ज्यांचं होतं, आणि ज्यांनी एकदा नाही तर दोनदा हा प्रयोग केला, ते मुख्यमंत्री होते बाळासाहेब खेर. बांद्र्याची खेरवाडी ज्यांच्या नावानं ओळखली जाते, तेच.

पूर्ण नाव बाळ गंगाधर खेर. जन्म २४ ऑगस्ट १८८८, रत्नागिरी. टिळकांचंही नाव बाळ गंगाधर आणि टिळकही रत्नागिरीचेच, त्यामुळं नावात घोटाळा व्हायला वाव आहे. गंमत म्हणजे दारूवरून या दोघांचा धागा पुढं आणखी एकदा जुळतो, ते ओघात येईलच.

खेरांचं घर साधं होतं. शिक्षणासाठी ते मुंबईला आले, विल्सन कॉलेजातून बी.ए. झाले आणि मग कायदा शिकले. मुंबई उच्च न्यायालयात तेव्हा फ्रँक बीमन नावाचे न्यायमूर्ती होते. त्यांची दृष्टी अधू झाली होती. तरुण खेर त्यांच्याकडं मदतनीस म्हणून राहिले. कोर्टाचं कामकाज आतून बघायला मिळालं ते इथंच. १९१८ साली त्यांनी भागीदारीत सॉलिसिटरची फर्म काढली, मणिलाल खेर अँड कंपनी. सॉलिसिटर म्हणजे पैशाचं काम. मुंबईच्या मोठमोठ्या पेढ्यांची कागदपत्रं बनवत हा माणूस आयुष्यभर सुखात राहू शकला असता.

पण १९२० च्या दशकात ते राजकारणात ओढले गेले. आधी स्वराज पक्ष, मग गांधीजी. १९३० च्या सत्याग्रहात तुरुंग, १९३२ मध्ये पुन्हा तुरुंग. त्या आंदोलनात मिठाची चर्चा जास्त होते, पण गावोगावी एक दुसरी गोष्टही चालू होती. दारूच्या दुकानांसमोर निदर्शनं. त्यात बायका पुढं होत्या. यामागचं गणित सोपं होतं. दारूवरच्या अबकारी करातून इंग्रज सरकारला घसघशीत उत्पन्न मिळायचं. लोकांनी जितकी जास्त प्यावी तितकी तिजोरी भरायची. म्हणजे नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जायची आणि गुत्त्यातून सरकारकडं.

हे दुखणं जुनं होतं. पुण्यात दारूची दुकानं वाढू लागली तेव्हा महात्मा फुल्यांनी नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्येच त्याविरुद्ध आवाज उठवला होता. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकारानं पुण्यात दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले होते. म्हणजे दारूबंदी ही गांधीजींनी गुजरातेतून आणून महाराष्ट्रावर लादली असं जे म्हटलं जातं, ते अर्धवट आहे. मागणी इथलीच होती. ती कायद्यात बसवायची संधी मात्र खेरांना मिळाली.

१९३७ साली प्रांतांच्या निवडणुका झाल्या. मुंबई इलाख्यात काँग्रेस सगळ्यात मोठा पक्ष ठरला. नेता कोण होणार, तर सगळ्यांच्या डोळ्यांपुढं वीर नरिमन यांचं नाव होतं. मुंबईचा लोकप्रिय पारशी पुढारी. पण आमदारांनी निवडलं खेरांना. यावरून मोठा वाद झाला, नरिमन यांनी वल्लभभाईंवर आरोप केले, चौकशी झाली, आणि नरिमन राजकारणातून बाजूला फेकले गेले. खेरांनी हे पद मिळवायला धडपड केली असं कुणी म्हणत नाही. पण ज्या खुर्चीवर ते बसले तिच्याभोवती सुरुवातीपासूनच पारशी समाजाची नाराजी होती, हे लक्षात ठेवा.

जुलै १९३७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला पंतप्रधानच म्हणायचे. काँग्रेसच्या मंत्र्यांनी पगार घेतला महिना ५०० रुपये. आणि गांधीजींनी सगळ्या काँग्रेस सरकारांना एक मुदत घालून दिली, तीन वर्षांत दारू बंद करायची.

मद्रासमध्ये राजाजींनी त्याच वर्षी ऑक्टोबरात सेलम जिल्ह्यापासून सुरुवात केली. मुंबई इलाख्यात १९३८ मध्ये अहमदाबादला बंदी झाली. मग आली मुंबई शहराची पाळी, आणि इथं खरी कसोटी होती. मुंबईत गिरणी कामगार होते, गोदी कामगार होते, खलाशी होते, साहेब लोकांचे क्लब होते, आणि दारूचा मोठा धंदा होता. या धंद्यात पारशी कुटुंबं बरीच होती. ताडीच्या वाड्या त्यांच्या, दुकानं त्यांची. (पारशांमधलं दारूवाला हे आडनाव यावरूनच आलं असं लोक मानतात, पण बंदुकीच्या दारूलाही दारूच म्हणतात, त्यामुळं प्रत्येक दारूवाला दुकानदार समजू नये.)

अशा वेळी हे खातं खेरांनी ठेवलं होतं डॉ. गिल्डर यांच्याकडं. मंचेरशा गिल्डर, स्वतः पारशी, मुंबईतले नामवंत हृदयरोगतज्ज्ञ. पुढं गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत हे गिल्डर होते. आपल्याच समाजाच्या पोटावर पाय देणारा म्हणून गिल्डरांनी पुष्कळ ऐकून घेतलं. सरकारचं बुडणारं उत्पन्न भरून काढायला शहरातल्या घरांवर आणि इमारतींवर १० टक्के नवा कर बसवला गेला. मग घरमालकही भडकले, त्यात मुस्लिम समाजातले लोकही होते. काँग्रेसमधून सुभाषबाबूंनी या योजनेवर जाहीर टीका केली. म्हणजे दारूवाले विरोधात, घरमालक विरोधात, आणि पक्षातला नुकताच अध्यक्षपद सोडलेला नेताही विरोधात.

तरी १ ऑगस्ट १९३९ ला मुंबईत दारूबंदी झाली. १ ऑगस्ट म्हणजे टिळकांची पुण्यतिथी. एका बाळ गंगाधरानं १९०८ मध्ये जे दुकानासमोर उभं राहून मागितलं, ते दुसऱ्या बाळ गंगाधरानं ३१ वर्षांनी सरकारी हुकमानं केलं.

आणि ते टिकलं किती? जेमतेम तीन महिने म्हणायला हरकत नाही. सप्टेंबरात दुसरं महायुद्ध सुरू झालं, भारताला न विचारता व्हाइसरॉयनं युद्धात ओढलं म्हणून काँग्रेसच्या सरकारांनी राजीनामे दिले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खेरांचं सरकार गेलं. बंदी ज्या अधिसूचनेवर उभी होती ती १९४० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टिकली नाही. आयुष्याची कित्येक वर्षं कोर्टाच्या कागदात घालवलेल्या सॉलिसिटरच्या सरकारचा सगळ्यात मोठा निर्णय कागदातल्या त्रुटीवर पडला. हे त्यांना किती लागलं असेल याचा अंदाज पुढच्या कायद्याच्या जाडीवरून येतो.

सत्ता गेल्यावर खेर काय करत होते हे फारसं सांगितलं जात नाही. १९४० मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळ सुरू केलं. बोर्डीचे आचार्य भिसे त्यात त्यांच्याबरोबर होते. वारल्यांच्या पाड्यांवर शाळा, वसतिगृहं, औषधपाणी. तिथली परिस्थिती भयानक होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणसं आयुष्यभर सावकाराकडं राबायची. दारूचा प्रश्न तिथंही होता, पण शहरापेक्षा वेगळा. मोहाची दारू आदिवासी पूर्वापार घरीच काढत होते. इंग्रजांनी १८७८ चा अबकारी कायदा आणि १८९२ चा मोहाफुलांचा कायदा आणून ती घरची दारू बेकायदा केली आणि ठेकेदाराच्या दुकानातली घ्यायला लावली. म्हणजे जे फुकट होतं ते विकत झालं, आणि विकत घ्यायला पैसे नसले की उधारी आली.

खेरांनी यातून काढलेला निष्कर्ष असा की दुकानच नको. याच माहितीवरून दुसराही निष्कर्ष निघू शकत होता. घरची दारू काढू द्यावी आणि ठेकेदार हटवावा. तो त्यांनी काढला नाही. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतली ही एक जागा आहे जिथं थोडं थांबायला हवं होतं. कारण पुढं कायदा आला तेव्हा पोलिसांची धाड गुत्तेवाल्यावर पडली तशीच पाड्यावरच्या मडक्यावरही पडली.

१९४० आणि १९४२, दोन्ही वेळा ते पुन्हा तुरुंगात गेले. १९४६ मध्ये निवडणुका झाल्या आणि खेर दुसऱ्यांदा मुंबईचे पंतप्रधान झाले. आता वेळ होता, बहुमत होतं, आणि वर्षभरात इंग्रजही गेले. या वेळी घाई केली नाही. चार वर्षांचा टप्प्याटप्प्यानं बंदीचा कार्यक्रम ठरला. याच काळात त्यांच्या सरकारनं कुळकायदा केला, अस्पृश्यांना मंदिरं खुली करणारा कायदा केला, पुणे विद्यापीठ काढलं आणि गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला विद्यापीठाला देऊन टाकला. पण लोकांच्या तोंडी राहिली ती दारूबंदीच.

इथं आता कोल्हापूर येतं, आणि मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात झकास प्रसंग हाच आहे.

२४ नोव्हेंबर १९४८. दिल्लीत घटना समिती बसली होती. राज्यानं दारूबंदीसाठी प्रयत्न करावा असं कलम घटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत घालायचं का, यावर चर्चा होती. वातावरण असं की दारूबंदीच्या विरोधात बोलणं म्हणजे गांधीजींच्या विरोधात बोलणं. गांधीजींना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. त्या सभागृहात कोल्हापूर संस्थानचे प्रतिनिधी बाळासाहेब खर्डेकर उठले आणि सरळ विरोधात बोलले. बॅरिस्टर माणूस, पेशानं शिक्षक. त्यांचा मुद्दा व्यक्तिस्वातंत्र्याचा होता. शहाण्या माणसानं काय प्यावं हे सरकारनं का ठरवावं? आणि अमेरिकेसारख्या देशानं बंदी घालून काय मिळवलं? अमेरिकेनं १९२० मध्ये दारू बंद केली होती, चोरट्या दारूच्या टोळ्यांनी शहरं ताब्यात घेतली, आणि १९३३ मध्ये बंदी उठवावी लागली. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायची सोय नव्हती. खर्डेकर बोलले.

त्यांच्या जोडीला जयपालसिंग मुंडा उभे राहिले. हॉकीच्या ऑलिंपिक संघाचे माजी कप्तान आणि आदिवासींचे नेते. त्यांचं म्हणणं होतं की तांदळाची बिअर ही आदिवासींच्या पूजेचा आणि शेतातल्या कामाचा भाग आहे, ती बंद करणं म्हणजे त्यांच्या धर्मात ढवळाढवळ.

यांना उत्तर द्यायला जे बोलले त्यांच्यात खेर होते. प्रत्यक्ष बंदी राबवणाऱ्या राज्याचा प्रमुख म्हणून. त्यांची बाजू स्वातंत्र्याच्या पुस्तकातली नव्हती, पगाराच्या पाकिटातली होती. कामगाराची कमाई घरी पोचते की नाही, हा त्यांच्यासाठी मूळ प्रश्न होता. शेवटी कलम घटनेत आलं. ते आज अनुच्छेद ४७ आहे, औषधी उपयोगाचा अपवाद ठेवून.

कोल्हापूर इथं हरलं. आणि चारच महिन्यांत आणखी एक गोष्ट घडली. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, म्हणजे खेरांच्या कारभाराखाली आलं. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १६ जून १९४९ ला, मुंबई दारूबंदी कायदा लागू झाला. खर्डेकरांनी ज्याला दिल्लीत विरोध केला ती बंदी त्यांच्याच गावात येऊन बसली. ६ एप्रिल १९५० पासून सगळ्या राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. ६ एप्रिल ही तारीखही उगाच घेतलेली नव्हती. १९३० मध्ये याच दिवशी गांधीजींनी दांडीला मीठ उचललं होतं.

या वेळचा कायदा जाडजूड होता. पहिल्या वेळी कोर्टात खाल्लेल्या माराची आठवण प्रत्येक कलमात दिसते. बनवणं, विकणं, नेणं-आणणं, बाळगणं, पिणं, सगळं गुन्हा. कुणाला दारू प्यायला चिथावणी देणं किंवा दारूची भलामण करणंही गुन्हा. आणि अल्कोहोल असलेली जवळपास प्रत्येक गोष्ट दारूच्या व्याख्येत.

आता झालं असं की अंगाला लावायचं कोलन वॉटरसुद्धा यात अडकलं. मुंबईचे एक नागरिक एफ. एन. बलसारा कोर्टात गेले. व्हिस्की, ब्रँडी, बिअर तर सोडाच, पण औषधी वाइन आणि कोलन वॉटर वापरायचा हक्क तरी मला आहे की नाही, असा त्यांचा अर्ज. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २५ मे १९५१ ला निकाल आला. औषधं आणि प्रसाधनांवरची बंदी रद्द, दारूची भलामण करण्यावरची बंदीही रद्द. बाकी कायदा मात्र टिकला. राज्याला दारूबंदी करायचा अधिकार आहे हे कायमचं ठरलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही पहिल्या वर्षात पाठ करावा लागतो. सॉलिसिटर खेर दुसऱ्या खेपेला पास झाले.

रस्त्यावर मात्र वेगळंच चाललं होतं. मुंबईत हातभट्ट्या लागल्या. नाल्याकाठी, खाडीकाठी. टायरच्या ट्यूबमध्ये भरून दारू फिरू लागली. चाळीतल्या एखाद्या खोलीत बाकं टाकून अड्डे चालायचे, चालवणारीला गिऱ्हाईक आंटी म्हणायचं. नवटाक आणि पावशेर ही वजनाची मापं दारूच्या भाषेत गेली. गोवा आणि दमण तेव्हा पोर्तुगीजांकडं होतं, तिथं बंदी नव्हती, त्यामुळं सीमेवर चोरट्या वाहतुकीचा धंदाच उभा राहिला. गोवा बनावटीची दारू पकडली, ही बातमी कोल्हापूरकर आजही महिन्यातून दोनदा वाचतात. तिची मुळं इथपर्यंत जातात.

आणि परमिट? पैसेवाल्यांसाठी खिडकी ठेवलेली होती. परदेशी पाहुण्यांना परमिट, आणि तब्येतीसाठी दारू लागते असं डॉक्टरनं लिहून दिलं तर त्यालाही परमिट. मलबार हिलवर अचानक बऱ्याच जणांच्या तब्येती बिघडल्या म्हणे. गिरणी कामगाराला डॉक्टरचा असा कागद परवडत नव्हता. त्याच्या वाट्याला हातभट्टी आणि पोलिसाचा दंडुका. ज्याचं पाकीट वाचवायला कायदा केला, त्याचंच पाकीट हप्त्यात आणि दंडात जाऊ लागलं.

म्हणून बंदीचा काहीच फायदा झाला नाही, असं म्हणायचं का? तेही खरं नाही. गुत्ता उघड्यावर नाही, पगाराच्या दिवशी कारखान्याच्या दारात दुकान नाही, याचा फरक घरातल्या बाईला कळत होता. तो फरक कुठल्या अहवालात नीट मोजला गेला नाही, म्हणून तो नव्हता असं होत नाही. आज गावागावात आडवी बाटली, उभी बाटली अशी मतदानं होतात, निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर गावातलं दुकान बंद होतं. खेरांचा कायदा मुंबईत फसला असेल, पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता हे सांगायला त्या बायका पुरेशा आहेत.

एप्रिल १९५२ मध्ये खेरांनी खुर्ची सोडली आणि मोरारजी मुख्यमंत्री झाले. म्हणूनही दारूबंदी त्यांच्या नावावर जास्त पक्की झाली. खेरांना सरकारनं उच्चायुक्त म्हणून लंडनला पाठवलं, कृष्ण मेनन यांच्या जागी. (याच लंडननं १ जून २००८ पासून आपल्या मेट्रो, बस आणि ट्राममध्ये दारू पिण्यावर बंदी घातली. आदल्या रात्री तरुणांनी डब्यांमध्ये शेवटची पार्टी केली, गोंधळ झाला आणि काही स्टेशनं बंद करावी लागली. पण तिथली बंदी फक्त गाडी आणि स्टेशनपुरती आहे, घरी आणि पबमध्ये काय प्यायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. खर्डेकरांना हे पटलं असतं.) १९५४ मध्ये खेर परतले, त्याच वर्षी पद्मविभूषण मिळालं, आणि १९५५ मध्ये देशाच्या पहिल्या राजभाषा आयोगाचे ते अध्यक्ष झाले. ८ मार्च १९५७ ला ते गेले.

कायद्याचा प्रवास पुढं चालू राहिला. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि दोघांनाही वारसा म्हणून एकच दारूबंदी कायदा मिळाला. गुजरातनं बंदी कायम ठेवली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६० च्या दशकात तो सैल होत गेला, नंतरच्या दशकात सरकारमान्य देशी दारूची दुकानं आली. कुणीही कायदा रद्द केला नाही. फक्त परवान्याची खिडकी मोठी करत गेले. इतकी मोठी की भिंत कुठं आहे तेच दिसेना.

तर आजची स्थिती अशी. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण, बाकी दारूसाठी २५, आणि दोन्हीसाठी परवाना. एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आयुष्यभराचाही मिळतो. एक दिवसाचा अगदी पाच-दहा रुपयांच्या घरातला, बारवालाच वहीत नोंद करून फाडतो, किंवा फाडल्याचं दाखवतो. शिरोलीच्या हायवेवर शनिवारी रात्री बसलेल्याला आपण रत्नागिरीच्या एका सॉलिसिटरनं घातलेली अट पूर्ण करून बसलोय हे माहीत नसतं.

आणि पुढच्या वेळी कोल्हापूरहून अहमदाबादच्या गाडीत बसलात तर घोलवड गेल्यावर जरा खिडकीबाहेर बघा. लगेच पुढं उंबरगाव रोड येतं, गुजरातमधलं पहिलं स्टेशन. तिथून पुढं बॅगेतली सीलबंद बाटलीसुद्धा गुन्हा ठरते. कायदा मूळचा तोच, १९४९ चा, खेरांच्या सरकारचा. फक्त त्या बाजूला खिडकी अजून लहान आहे.